‘ग्वाडलकॅनाल’ : एका छोट्या विमानवाहू नौकेची युद्धसेवा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धातल्या अटलांटिकच्या लढाईबद्दल वाचणाऱ्यांचे प्रश्न फिरून फिरून अमेरिकी नौदलाच्या ‘ग्वाडलकॅनाल’ या नौकेपाशी येतात. नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे एकत्र केली आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. ग्वाडलकॅनाल हे तर पॅसिफिकमधल्या बेटाचे नाव. मग ही नौका तिथे लढली का?

नाही. ग्वाडलकॅनाल बेटावरची लढाई ऑगस्ट १९४२ ते फेब्रुवारी १९४३ अशी चालली आणि तिची आठवण म्हणून या नौकेला हे नाव मिळाले. आधी ठरलेले नाव ‘ॲस्ट्रोलाब बे’ होते. नौकेची सगळी लढाई मात्र अटलांटिकमध्ये, जर्मन पाणबुड्यांशी झाली.

२. एस्कॉर्ट कॅरियर म्हणजे नेमके काय? साध्या विमानवाहू नौकेपेक्षा ती वेगळी कशी?

मोठी विमानवाहू नौका शत्रूच्या आरमाराशी भिडण्यासाठी असते. ती तीस नॉटपेक्षा (ताशी सुमारे ५५ किलोमीटरपेक्षा) जास्त वेगाने धावते आणि साठ-सत्तर ते नव्वद विमाने बाळगते. एस्कॉर्ट कॅरियर लहान, हळू आणि स्वस्त असते. मालवाहू जहाजासारखा सांगाडा, वर सपाट उड्डाणपट्टी आणि दोन-अडीच डझन विमाने, इतकेच.

तिची गरज पडली ती अटलांटिकच्या मधल्या पट्ट्यामुळे. अमेरिका, आइसलँड किंवा ब्रिटनच्या किनाऱ्यावरून उडणारी गस्ती विमाने समुद्राच्या मधोमध पोहोचत नसत. पाणबुड्या नेमक्या तिथे दबा धरून बसत. त्या काळची पाणबुडी बॅटरी भरण्यासाठी आणि वेगाने पुढे जाण्यासाठी पाण्यावरच यायची. डोक्यावर विमान घिरट्या घालू लागले की तिला खाली जावे लागे, आणि पाण्याखाली ती इतकी मंद होई की जहाजांचा काफिला तिच्या हाती लागत नसे. म्हणजे विमानाने काही बुडवले नाही तरी अर्धे काम झालेले असायचे. हे विमान समुद्राच्या मध्यावर नेऊन ठेवणे हेच या छोट्या नौकांचे प्रयोजन.

३. ती कॅनडात बांधली गेली असे वाचले. खरे का?

नावामुळे हा घोटाळा होतो. नौका बांधली गेली ती अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकुव्हर शहरात, कोलंबिया नदीकाठी, हेन्री कायझर यांच्या गोदीत. ५ जून १९४३ ला तिचे जलावतरण झाले आणि २५ सप्टेंबर १९४३ ला ओरेगनमधल्या ॲस्टोरिया येथे ती नौदलात दाखल झाली. पहिले कप्तान होते डॅनियल गॅलरी.

कायझर यांचा नौदलाच्या परंपरेशी संबंध नव्हता. धरणे आणि रस्ते बांधणारा हा माणूस जहाजाचे मोठमोठे भाग वेगवेगळे तयार करून नंतर जोडत असे. ‘कॅसाब्लांका’ वर्गाच्या पन्नास नौका त्यांनी जुलै १९४३ ते जुलै १९४४ या एका वर्षात नौदलाच्या हवाली केल्या. ‘ग्वाडलकॅनाल’ त्यांतली सहावी.

४. ती किती मोठी होती? आणि अशा नौकेवर काम करणे कितपत सुरक्षित होते?

लांबी ५१२ फूट, म्हणजे १५६ मीटर. वेग १९ नॉटच्या आसपास. टर्बाइन मिळत नव्हते, म्हणून दट्ट्याची वाफेची इंजिने बसवली होती. मागच्या टोकाला पाच इंची एक तोफ, बाकी विमानविरोधी तोफा. पत्रा पातळ, चिलखत जवळपास नाही, आणि पोटात विमानाचे पेट्रोल व बाँब.

या वर्गाच्या नौकांचा सांकेतिक गट ‘सीव्हीई’. खलाशी म्हणत, ही अक्षरे ‘ज्वलनशील, नाजूक, गमावली तरी चालेल अशी’ या तीन इंग्रजी शब्दांची आहेत. त्यात अतिशयोक्ती नव्हती. कॅसाब्लांका वर्गातल्या पाच नौका युद्धात गेल्या. त्यांतली ‘लिस्कम बे’ पाणतीर लागून दारूगोळ्याचा स्फोट झाल्यावर काही मिनिटांत बुडाली, सहाशेहून अधिक माणसांसह. अटलांटिकमध्ये ‘ब्लॉक आयलंड’ ही दुसऱ्या वर्गाची एस्कॉर्ट कॅरियर २९ मे १९४४ ला एका पाणबुडीने बुडवली. ‘ग्वाडलकॅनाल’ तेव्हा त्याच महासागरात शोधमोहिमेवर होती. पुढे जे घडले ते वाचताना ही तारीख लक्षात ठेवावी.

५. एस्कॉर्ट म्हणजे सोबत. मग ती काफिल्यासोबतच चालायची का?

सुरुवातीला या नौकांची कल्पना तशीच होती. १९४३ पासून अमेरिकी नौदलाने त्यांना मोकळे सोडले. मध्ये एक छोटी विमानवाहू नौका, भोवती चार-पाच रक्षक विनाशिका, आणि काम पाणबुड्यांना हुडकून मारण्याचे. ‘ग्वाडलकॅनाल’च्या गटाचा क्रमांक २२.३. जून १९४४ च्या मोहिमेत तिच्याबरोबर ‘पिल्सबरी’, ‘शॅटलेन’, ‘फ्लॅहर्टी’, ‘पोप’ आणि ‘जेंक्स’ या पाच विनाशिका होत्या.

शोध अंदाधुंद नसे. जर्मन पाणबुड्या मुख्यालयाशी वायरलेसवर सतत बोलत. त्या लहरींची दिशा किनाऱ्यावरच्या केंद्रांतून मोजली जाई, शिवाय दोस्त राष्ट्रांनी जर्मन सांकेतिक भाषा फोडलेली होती. वॉशिंग्टनमधून गटाला समुद्राचा एखादा भाग सांगितला जाई. तो भाग मोठा असे, आणि त्यात एक पाणबुडी नक्की कुठे आहे हे शोधणे शेवटी वैमानिकांच्या डोळ्यांवर आणि सोनारवर (आवाजावरून पाण्याखालच्या वस्तू हुडकणाऱ्या यंत्रावर) कान लावून बसलेल्या खलाशांवरच येई.

६. पहिल्या मोहिमेत काय मिळवले?

जानेवारी १९४४ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या नॉरफोक बंदरातून निघून, १६ तारखेला अझोर्स बेटांच्या परिसरात तिच्या अॅव्हेंजर विमानांनी इंधन देवघेवीच्या कामात गुंतलेली जर्मन पाणबुडी यू-५४४ गाठली आणि बुडवली. पाणबुडीवरचे सगळे, ५७ जण, गेले.

पण त्या संध्याकाळचा खरा धडा वेगळा होता. हल्ल्याच्या जागी गेलेली विमाने परतेपर्यंत अंधार पडला. रात्री उतरण्याचा सराव नव्हता. एक विमान पट्टीच्या कडेला अडकले, पट्टी बंद झाली आणि उरलेल्यांना पाण्यात उतरावे लागले. गॅलरींनी यातून काढलेला निष्कर्ष मला त्यांच्या सगळ्या निर्णयांत मोलाचा वाटतो. अंधाराआधी परतण्याचा नियम आणखी कडक करणे सोपे होते. त्यांनी उलट रात्रीचे उड्डाणच शिकायचे ठरवले. पाणबुड्या रात्री वर येतात, तर विमाने रात्रीच हवीत. पुढच्या मोहिमेत चांदण्या रात्रींपासून सुरुवात झाली.

७. यू-५१५ आणि यू-६८ यांचे काय झाले? हेंकेची गोष्ट खरी आहे का?

रात्रीच्या उड्डाणांचे फळ एप्रिलमध्ये मिळाले. अटलांटिकमधल्या मदेरा बेटाच्या वायव्येला ८ एप्रिलच्या रात्रीपासून विमानांनी यू-५१५ ला वर येऊन बॅटरी भरू दिली नाही. ९ तारखेला विनाशिकांच्या माऱ्याने ती वर आली आणि बुडाली. ४४ जण वाचले, त्यात कप्तान वेर्नर हेंके. दुसऱ्याच दिवशी पहाटे यू-६८ विमानांच्या तावडीत सापडली. तिच्यावरचा एकच खलाशी जिवंत राहिला.

हेंकेची गोष्ट खरी आहे आणि दुःखद आहे. डिसेंबर १९४२ मध्ये त्याने ‘सिरॅमिक’ हे ब्रिटिश प्रवासी जहाज बुडवले होते. साडेसहाशेहून अधिक लोकांपैकी एकच वाचला, ज्याला यू-५१५ नेच उचलून घेतले होते. ब्रिटिश प्रचारात हेंकेवर वाचलेल्यांना गोळ्या घातल्याचा आरोप झाला. तो खोटा होता, पण ब्रिटिश आपल्यावर खटला भरतील ही भीती त्याच्या मनात बसली. गॅलरींनी हीच भीती वापरली. ब्रिटिशांच्या हवाली करण्याची हूल देऊन त्यांनी त्याच्याकडून सहकार्याचे लेखी वचन घेतले. अमेरिकेत पोहोचल्यावर हेंकेने ते पाळायला नकार दिला. १५ जून १९४४ ला व्हर्जिनियातल्या फोर्ट हंट छावणीचे कुंपण चढताना पहारेकऱ्याच्या गोळीने तो मेला. हूल देणे युद्धात बसते असे म्हणणारे आहेत. मला हा या नौकेच्या इतिहासातला अवघड भाग वाटतो, आणि तो वगळून तिची कीर्ती सांगू नये.

८. पाणबुडी जिवंत पकडायचे आधीच ठरले होते, की ते नशीब होते?

ठरले होते. यू-५१५ वर आल्यावर काही काळ तरंगत राहिली, तेव्हाच गॅलरींच्या मनात आले की माणसे तयार असती तर आत शिरता आले असते. मे १९४४ मध्ये नॉरफोकहून निघण्याआधीच्या बैठकीत त्यांनी सांगितले, की या वेळी वर आलेली पाणबुडी बुडवायची नाही, तिच्या खलाशांना उतरवून ती ताब्यात घ्यायची. प्रत्येक विनाशिकेने चढाई तुकडी निवडायची, ओढण्याची तार सज्ज ठेवायची. आतली माणसे बाहेर पडावीत म्हणून हलक्या तोफा डेकवर चालवायच्या, पाणबुडीचे पोट फोडेल असे काही मारायचे नाही.

नशिबाचा भाग होताच, तो पुढच्या उत्तरात येतो.

९. ४ जून १९४४ ला नेमके काय घडले?

गट कित्येक दिवस यू-५०५ या जर्मन पाणबुडीच्या मागावर होता. ती पश्चिम आफ्रिकेतल्या फ्रीटाउनकडच्या पाण्यातून फ्रान्सकडे परतत होती. इंधन कमी झाल्याने गॅलरींनी शोध सोडून मोरोक्कोतल्या कॅसाब्लांका बंदराचा रस्ता धरला होता. रविवारचा दिवस, सकाळचे अकरा वाजून गेलेले, आफ्रिकेच्या केप ब्लँकपासून सुमारे दीडशे मैल पश्चिमेला. ‘शॅटलेन’च्या सोनारवर अगदी जवळ काहीतरी वाजले.

‘ग्वाडलकॅनाल’ने लगेच पाठ फिरवून अंतर वाढवले. पाणबुडीच्या जवळ असलेली विमानवाहू नौका म्हणजे आयते सावज, त्यामुळे यात भित्रेपणा काही नाही. वर असलेल्या दोन वाइल्डकॅट विमानांना पाण्याखालची सावली दिसली आणि त्यांनी पाण्यात गोळ्या झाडून जागा दाखवली. ‘शॅटलेन’ने डेप्थ चार्ज (पाण्याखाली फुटणारे बाँब) टाकले. पहिल्या हल्ल्यानंतर साडेसहा मिनिटांत यू-५०५ पाण्यावर होती.

आत काय झाले होते? दिवे गेले, सुकाणू एका बाजूला अडकले, पाणी आत येऊ लागले. पोट फुटले अशी आरोळी आली. कप्तान हाराल्ड लांगे यांनी वर येऊन नौका सोडण्याचा आदेश दिला. शिडीवरून बाहेर येताच ते गोळीबारात जबर जखमी झाले. खलाशांनी भराभर पाण्यात उड्या टाकल्या. नौका बुडावी म्हणून समुद्राचे पाणी आत घेणाऱ्या जाळीचे झाकण त्यांनी उघडले होते, पण मोटारी चालूच राहिल्या आणि ती उडवून देण्याच्या सुरुंगांचे काम अर्धवट राहिले.

सुकाणू अडकलेली रिकामी पाणबुडी गोल गोल फिरू लागली. ती आपल्याकडे वळते आहे असे वाटून ‘शॅटलेन’ने एक पाणतीर सोडला. तो चुकला. लागला असता तर पुढचे काहीच घडले नसते.

मग ‘पिल्सबरी’ची होडी सुटली. लेफ्टनंट अल्बर्ट डेव्हिड यांच्या नेतृत्वाखाली छोटी तुकडी फिरत्या पाणबुडीवर चढली. खाली शत्रू लपला आहे की नाही, सुरुंग कधी फुटतील, पाणबुडी कधी खाली जाईल, यातले काहीच ठाऊक नव्हते. डेव्हिड, आर्थर निस्पेल आणि स्टॅनली व्डोवियाक आत उतरले. झेनॉन लुकोसियस यांना फुटभर रुंदही नसलेल्या भोकातून उसळणारे पाणी दिसले. झाकण जवळच पडले होते, ते त्यांनी परत बसवले. इतरांनी सुरुंगांच्या तारा तोडल्या आणि सांकेतिक पुस्तके वर फेकायला सुरुवात केली.

जर्मनांपैकी एक जण मारला गेला. ५८ जणांना पाण्यातून काढले. अमेरिकी बाजूचा कोणीही दगावला नाही.

१०. अर्धी बुडालेली पाणबुडी एवढ्या लांब ओढून कशी नेली?

मला या सगळ्या कथेतला हाच भाग सर्वांत आवडतो आणि पुस्तकांत तोच दोन ओळींत उरकतात.

आधी ‘पिल्सबरी’ने शेजारी येऊन ओढण्याचा प्रयत्न केला. पाणबुडीच्या पुढच्या सुकाणूपंखाने तिचाच पत्रा फाटला आणि तिच्या पोटात पाणी शिरले. मग ‘ग्वाडलकॅनाल’ने स्वतः तार लावली. शत्रूच्या पाणबुड्या आसपास असू शकतात अशा पाण्यात विमानवाहू नौका मंद गतीने ओझे ओढत निघाली, आणि तशीच विमानेही उडवत राहिली. पहिली तार त्या रात्री तुटली, मग जाड तार लावली.

पाणबुडीचे शेपूट खोल बसले होते आणि सुकाणू अजून अडकलेले. मागच्या कप्प्याच्या दारात सुरुंग लावला असल्याची शंका होती. गॅलरींना शस्त्रास्त्रांची माहिती होती, म्हणून ते स्वतः आत गेले, दार तपासले आणि उघडले.

पण बुडण्यापासून तिला वाचवले ते नौकेचे मुख्य अभियंता अर्ल ट्रोझिनो यांनी. त्यांनी अशी पाणबुडी कधी पाहिलेली नव्हती. तेलकट पाण्यात फळ्यांखाली सरपटत त्यांनी एकेक नळ माग काढून समजून घेतला. मग डिझेल इंजिने मोटारींपासून सोडवली आणि गॅलरींना वेग वाढवायला सांगितले. पाणबुडी ओढली जाताना तिचे पंखे आपोआप फिरू लागले, त्यांनी विजेच्या मोटारी फिरवल्या, त्या मोटारी जनित्रासारख्या चालून बॅटऱ्या भरू लागल्या. बॅटऱ्या भरल्यावर पाणबुडीचे स्वतःचे पंप सुरू झाले आणि तिने आपल्याच पोटातले पाणी बाहेर फेकले.

पुढे ‘अबनाकी’ या टगने ओढकाम हाती घेतले. १९ जूनला सगळे बर्म्युडाला पोहोचले.

११. मग श्रेय कोणाचे? ‘ग्वाडलकॅनालने यू-५०५ पकडली’ म्हणणे बरोबर आहे का?

गटाने पकडली म्हणणे जास्त बरोबर. पाणबुडी सापडली आणि वर आली ती ‘शॅटलेन’मुळे, चढले ‘पिल्सबरी’चे लोक, जागा दाखवली ‘ग्वाडलकॅनाल’च्या विमानांनी, तरंगती ठेवली तिच्या अभियंत्यांनी. राष्ट्राध्यक्षांचे सन्मानपत्रही पूर्ण गटाला मिळाले. डेव्हिड यांना मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक जाहीर झाले, महायुद्धात अटलांटिक आरमारातल्या खलाशाला मिळालेले हे एकमेव. पण सप्टेंबर १९४५ मध्ये त्यांचे निधन झाले आणि पदक त्यांच्या पत्नीने स्वीकारले. निस्पेल आणि व्डोवियाक यांना नेव्ही क्रॉस मिळाला.

१२. एवढ्या पराक्रमानंतर गॅलरींवर कोर्ट मार्शलची वेळ आली होती म्हणतात. का?

कारण पाणबुडी बुडालेली नव्हती. दोस्तांना जर्मन संदेश आधीपासून वाचता येत होते. यू-५०५ शत्रूच्या हातात पडली हे बर्लिनला कळले असते, तर संकेतपद्धती लगेच बदलली असती, तीही नॉर्मंडीच्या चढाईच्या (६ जून) दोन दिवस आधी. नौदलप्रमुख अॅडमिरल किंग यांचा राग या धोक्यावर होता.

प्रकरण निभावले ते खलाशांनी तोंड मिटून ठेवल्यामुळे. गटातल्या सुमारे तीन हजार लोकांना शपथ घातली गेली, आठवण म्हणून उचललेल्या वस्तू परत घेतल्या. यू-५०५ ला ‘निमो’ हे खोटे नाव दिले. युद्ध संपेपर्यंत जर्मनांना पत्ता लागला नाही. मिळालेल्या कागदांत चालू महिन्याचे संकेत होते, आणि आवाजाच्या मागे जाणारे जर्मन पाणतीरही अखंड हाती लागले.

१३. पकडलेल्या जर्मन खलाशांचे काय केले?

लुइझियानातल्या कॅम्प रस्टनमध्ये इतर कैद्यांपासून वेगळे ठेवले. रेडक्रॉसला भेटू दिले नाही, नावे कळवली नाहीत. जर्मनीत घरच्यांना ते मेल्याचे कळवले गेले. हे युद्धकैद्यांच्या जिनिव्हा कराराच्या विरुद्ध होते, गुप्ततेचे कारण कितीही खरे असले तरी. १९४७ पर्यंत ते घरी परतले.

१४. युद्धात पकडलेली ही पहिलीच जर्मन पाणबुडी का? एनिग्मा हे जर्मनांचे संदेश सांकेतिक करणारे यंत्र इथेच मिळाले का?

दोन्ही नाही. ब्रिटिशांनी ९ मे १९४१ ला यू-११० वर चढून एनिग्मा यंत्र आणि कागद मिळवले होते, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये यू-५७० ताब्यात घेतली होती. त्याआधी एनिग्मा फोडण्याचे मूळ काम पोलंडच्या गणितज्ञांनी केले. अमेरिकी नौदलापुरते मात्र हे विशेष होते: १८१५ नंतर प्रथमच खुल्या समुद्रात शत्रूची युद्धनौका त्यांनी ताब्यात घेतली.

१५. त्यानंतर नौकेने काय केले? ती कुठे बुडाली?

बुडाली नाही. १९४४ च्या उरलेल्या महिन्यांत गस्ती झाल्या, पण आणखी पाणबुडी मिळाली नाही. पुढे ती नव्या वैमानिकांना नौकेवर उतरण्याचे शिक्षण देत राहिली. १५ जुलै १९४६ ला ती सेवेतून निघाली, नॉरफोकला राखीव ताफ्यात उभी राहिली आणि १९५९ मध्ये भंगारात विकली गेली. तोडली जपानमध्ये. तिच्या नावावर तीन युद्धतारे (लढाईतल्या कामगिरीबद्दलचे सन्मान) आहेत.

१६. यू-५०५ आज पाहता येते का?

हो, शिकागोच्या विज्ञान आणि उद्योग संग्रहालयात. युद्धानंतर नौदल तिला तोफांच्या सरावासाठी बुडवणार होते. गॅलरी मूळचे शिकागोचे, त्यांचे पाद्री असलेले बंधू जॉन यांनी संग्रहालयाशी संपर्क साधला आणि शहरातल्या लोकांनी वर्गणी काढली. १९५४ मध्ये ती उत्तर अमेरिकेतल्या महासरोवरांमार्गे आली. पन्नास वर्षे ऊनपावसात उभी राहिल्यावर २००४ मध्ये तिला आत हलवले. पाणबुडी पोटातून पाहायची आणि शिकागो दूर वाटत असेल, तर विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर भारतीय नौदलाची ‘कुरसुरा’ आहे. ती नंतरच्या काळातली, सोव्हिएत बनावटीची, पण आतल्या अडचणीची कल्पना तिथे नीट येते.

१७. आपली जुनी ‘विक्रांत’ एस्कॉर्ट कॅरियर होती का?

नाही. ती ब्रिटिशांच्या मॅजेस्टिक वर्गातली हलकी विमानवाहू नौका. महायुद्धात ‘हर्क्युलिस’ या नावाने बांधायला घेतली, पण युद्ध संपेपर्यंत पूर्ण झाली नव्हती. ४ मार्च १९६१ ला ती आपल्या नौदलात आली. ती जास्त वेगवान आणि युद्धनौका म्हणूनच आखलेली होती (फरकासाठी प्रश्न २ पाहा).

१८. अटलांटिकच्या या लढाईशी कोकणाचा, गोव्याचा काही संबंध आहे का?

‘ग्वाडलकॅनाल’शी थेट नाही, पण पाणबुड्यांचे सावज असलेल्या जहाजांशी फार जवळचा. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर हजारो हिंदी खलाशी होते. डेकवर रत्नागिरीकडचे सारंग, तांडेल आणि खलाशी, तर भटारखान्यात व प्रवाशांच्या सेवेत गोव्याचे तारवटी. गेलेल्या हिंदी व्यापारी खलाशांपैकी जवळपास सहा हजार नावांची नोंद युद्धस्मारकाच्या नोंदवहीत आहे, जी मुंबईच्या इंडियन सेलर्स होममध्ये ठेवलेली आहे. आपल्या घरातले कोणी बोटीवर होते आणि परतले नाही असे ऐकले असेल, तर शोध तिथून सुरू करावा.

१९. ‘ग्वाडलकॅनाल’ने अपोलो ९ च्या अंतराळवीरांना समुद्रातून उचलले असेही वाचले. १९५९ ला भंगारात गेलेली नौका १९६९ मध्ये कशी?

ती याच नावाची दुसरी नौका. हेलिकॉप्टरमधून सैनिक उतरवणारी ही नौका १९६३ मध्ये सेवेत आली. १९६६ मध्ये जेमिनी १० आणि मार्च १९६९ मध्ये अपोलो ९ यांची परतीची याने तिने उचलली. ओळखायची सोपी खूण म्हणजे क्रमांक: पाणबुडीवाली सीव्हीई-६०, अंतराळवाली एलपीएच-७.